सुवर्णदुर्ग इतक्या लवकर कसा पडला?

कोकणातल्या माणसाला लढाईचे बोलणे नवीन नाही. हर्णैच्या बंदरावर उभे राहिले की समोर सुवर्णदुर्ग दिसतो, मुरूडला जंजिरा आणि पद्मदुर्ग दिसतात, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाचा तट दिसतो. त्यामुळे गणपतीत मुंबईहून आलेली मंडळी ओटीवर टेकली की विषय कधी ना कधी किल्ल्यांवर येतोच. मात्र हे बोलणे बहुतेक वेळा दोनच शब्दांपाशी येऊन थांबते. किल्ला राखला गेला असेल तर पराक्रम, आणि हातचा गेला असेल तर फितुरी. हे दोन्ही शब्द खोटे नाहीत, पण त्यांच्या पलीकडे चौकशी थांबते आणि लढाई प्रत्यक्षात कशी झाली हे शेवटपर्यंत कळत नाही.

मी दापोली तालुक्यात राहते आणि शाळेत इतिहास शिकवते. ही चौकशी पुढे कशी न्यायची, हे मला तीन माणसांनी शिकवले. पहिले आहेत नौदलातून निवृत्त होऊन आमच्या भागात स्थायिक झालेले एक अधिकारी, ज्यांना सगळा गाव कमांडर काका म्हणतो. दुसरे आहेत मोडी कागद वाचण्यात आयुष्य घालवलेले एक अभ्यासक. त्यांना मी सर म्हणते. तिसरे आहेत हर्णैचे एक वयोवृद्ध तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे प्रमुख, ज्यांनी शिडाच्या होडीपासून इंजिनाच्या नौकेपर्यंत सगळे हाताखालून घातले आहे. युद्धशास्त्राचे जाणकार म्हणून तांडेलांचे नाव कोणी घेणार नाही. मी मात्र ते इतर दोघांच्या बरोबरीने घेते, आणि ते का, हे पुढे येईलच.

काकांशी पहिल्यांदा या विषयावर बोलत होते, तेव्हा मी कान्होजी आंग्र्यांच्या शौर्याविषयी बरेच काही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “महिना कोणता?” लढाई कोणती हे सांगण्याआधी ती कोणत्या महिन्यात झाली हे सांगावे, असा त्यांचा आग्रह असतो. कोकणच्या समुद्रावर जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाचे जहाज चालत नाही. म्हणजे आरमाराचे वर्ष सुमारे नऊ महिन्यांचेच. उरलेल्या काळात जहाजे किनाऱ्यावर ओढायची, त्यांची डागडुजी करायची, खलाशांना पोसायचे आणि शत्रूही तेच करत असणार हे गृहीत धरायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात लढण्याच्या युक्त्यांइतकीच जागा पावसाळ्यातल्या छावणीला आणि लाकडाला दिलेली आहे. रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातला मजकूर आपण पर्यावरणाच्या भाषणात वापरतो. काकांच्या मते तो आधी आरमाराचा हिशेब आहे: ज्या रयतेतून खलाशी उभे करायचे, त्याच रयतेला लुबाडून जहाज बांधले तर त्या जहाजावर चढणार कोण?

महिन्याचा हा प्रश्न घेऊन खांदेरीच्या १६७९ च्या लढ्याकडे पाहिले की तो अगदी वेगळा दिसू लागतो. थळच्या समोरचे हे बेट मुंबई बंदराच्या तोंडावर आहे, आणि त्यावर किल्ला होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना तेथे पाठवले ते पावसाळा सरता सरता, समुद्र अजून पुरता शांत झालेला नसताना. मोठ्या जहाजांना बेटाजवळ नांगर टाकून राहणे ज्या दिवसांत अवघड होते, त्याच दिवसांत थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्यांनी माणसे, दगड आणि धान्य बेटावर जाऊ लागले. इंग्रजांनी जहाजे आणून नाकेबंदी केली, तेव्हा तटाचे काम बरेच वर आलेले होते. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या चाळीस-पन्नास गलबतांनी, म्हणजे वल्ह्यांवरही चालणाऱ्या लहान लढाऊ नौकांनी, इंग्रजांच्या तांड्यावर चाल केली. त्या दिवशी इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गुराब, म्हणजे गलबताहून मोठे, शिडांवर चालणारे तोफांचे जहाज, मराठ्यांच्या हाती लागले आणि ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र दाद दिली नाही. म्हणजे उघड्या समुद्रावरच्या गोळागोळीत मराठ्यांची निर्विवाद सरशी झाली असे म्हणता येत नाही.

पण काका म्हणतात, ती लढाई हा या प्रकरणाचा गाभाच नव्हे. गाभा आहे तो रात्रींचा. रात्री वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी अडकत, आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ बुडाच्या मराठी होड्या त्यांच्या बगलेतून बेटावर शिधा पोहोचवून पहाटेपर्यंत परत येत. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे, हे आमच्या सहावी-सातवीच्या मुलांना पाठ असते. पण या दोन वाऱ्यांच्या मधल्या निवांत वेळेत कोणाची जहाजे हलू शकतात आणि कोणाची नाही, यावर एका नाकेबंदीचा निकाल लागला, हे आम्ही त्यांना सांगत नाही. महिनेच्या महिने पहारा करूनही इंग्रजांना बेटाचा शिधा तोडता आला नाही. १६८० उजाडल्यावर त्यांनी जहाजे काढून घेतली आणि तह केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि पुढे कित्येक वर्षे या दोन बेटांची एकमेकांशी लढाई चालू राहिली, तो भाग वेगळाच आहे.

काका स्वतःच्या नोकरीविषयी फारसे बोलत नाहीत. एकदाच, गलबते गुराबांना दोरखंडाने ओढत लढाईत आणत हे मी वाचून दाखवल्यावर, त्यांनी १९७१ चा विषय काढला. त्या वर्षी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या होत्या, त्यांचा पल्ला लहान होता, आणि म्हणून त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत शत्रूच्या दिशेने नेण्याची युक्ती योजली गेली. लहान नौकेचा घाव मोठा असतो पण दम कमी असतो, आणि हा दम तिला कोणी तरी उसना द्यावा लागतो, हे त्यांचे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतले. आंग्र्यांच्या काळात गलबत गुराबाला ओढत असे आणि १९७१ मध्ये मोठे जहाज लहान नौकेला. दिशा उलटी असली तरी एका नौकेच्या उणिवेला दुसरीची जोड देण्याची रीत तीच. नौदल दिन ४ डिसेंबरला का पाळतात हे मुलांना सांगताना मी आता ही ओढून नेण्याची गोष्ट आवर्जून सांगते.

आता सुवर्णदुर्गाकडे येते, कारण या तिघांना एका ठिकाणी बसवून मी जो प्रश्न विचारला तो याच किल्ल्याचा होता. एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला दोन-तीन दिवसांत घेतला. त्याच्याकडे ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ हे एक मोठे जहाज होते आणि सोबत तीन लहान जहाजे. लंडनमध्ये शूटर्स हिलवर या विजयाची आठवण म्हणून जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये बांधलेला मनोरा अजून उभा आहे आणि त्याला आपल्या सुवर्णदुर्गाचेच नाव आहे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातला, ज्याच्या रक्षणासाठी समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा असे तीन किल्ले उभे केलेले होते, तो सुवर्णदुर्ग इतक्या लवकर कसा पडला? फितुरी, असे उत्तर आमच्याकडे तयार असते. इंग्रजांच्या हकिकतीत एका फुटून आलेल्या माणसाने पश्चिमेचा तट किती जाड आहे हे जेम्सला सांगितल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे या उत्तराला आधार मिळतो असेही वाटते.

आम्ही कनकदुर्गावर दीपगृहाच्या खाली उभे राहून बोललो. तेथून किल्ला आणि किनारा यांच्यामधली खाडीसारखी पाण्याची पट्टी पूर्ण दिसते, आणि हर्णैच्या नौका तिच्यातच नांगरून पडलेल्या असतात, कारण किल्ल्याचे बेट पश्चिमेची लाट अडवते. २ एप्रिलला जेम्सने किल्ल्यावर समुद्राच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून तोफा डागल्या आणि दिवसभरात फारसे काही साधले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जहाजे बेट आणि किनारा यांच्यामधल्या या पाण्यात आणली, तटाच्या अगदी जवळ, शंभर यार्डांच्या आसपास. जहाजांच्या डोलकाठ्यांवर चढवलेल्या बंदुकवाल्यांनी तटावरच्या गोलंदाजांना डोके वर काढू दिले नाही. किल्ल्यात पडलेल्या गोळ्याने आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली आणि स्फोट झाला. आतली माणसे होड्यांत बसून बाहेर पडली ती इंग्रजांच्या हाती सापडली. पुढे किनाऱ्यावरचा किल्ला शरण येत असताना किल्लेदार निवडक माणसे घेऊन पुन्हा बेटावर गेला, कारण दाभोळहून कुमक येईल अशी त्याला आशा होती. मग जेम्सने आपले निम्मे खलाशी उतरवले आणि त्यांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला.

हे सगळे मी वाचून दाखवले. तांडेल बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. त्यांनी विचारले, “बाई, तिथी कोणती होती?”

इंग्रज हकिकतीत तिथी नसते. सरांनी तेथेच वहीत गणित मांडले. त्या वर्षी ईस्टर ३० मार्चला होता, ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणजे पौर्णिमा २७ मार्चच्या सुमाराची. त्यावरून २ एप्रिलला वद्य षष्ठी-सप्तमी येते आणि पुढचे दोन दिवस अष्टमीच्या आगेमागे. तांडेल लगेच म्हणाले, “म्हणजे भांगाचे पाणी. मग तो आत आला यात नवल नाही.” त्यांचे म्हणणे असे की अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती खूप चढते, पण ओहोटीही तशीच खाली जाते, अशा दिवशी मोठे जहाज बेटामागच्या पाण्यात शिरले तर सहा तासांनी ते तळाला टेकण्याची भीती असते आणि ओढही जोराची असते. अष्टमीच्या भांगाला पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. तळ एकदा वावाने मापून घेतला की तो दिवसभर जवळपास तसाच राहतो, जहाज नांगरावर स्थिर राहते, आणि स्थिर जहाजावरून तोफ नेमकी लागते. जेम्सने हे दिवस मुद्दाम निवडले असा दावा आमच्यापैकी कोणीही केला नाही. पण ४४ तोफांचे जहाज तटाखाली नांगरून ठेवणे उधाणाच्या दिवसांत जितके धोक्याचे ठरले असते, तितके त्या दिवसांत नव्हते, हे एका तिथीवरून कळले, आणि ते मी वाचलेल्या कोणत्याही वर्णनात नव्हते.

माझ्या मते तज्ज्ञाशी बोलण्याचा खरा लाभ हा असतो. आपल्याला उत्तर मिळते ते थोडेच. आपण विचारलाच नव्हता असा प्रश्न मिळतो. काकांनी महिना विचारला, तांडेलांनी तिथी विचारली, आणि सर नेहमी विचारतात ते असे: हे कोणी लिहिले, कोणाला लिहिले आणि लिहिणाऱ्याला त्यातून काय हवे होते?

सरांच्या या प्रश्नाने त्याच दिवशी बोलण्याला आणखी एक वळण लागले. १७५५ ची ही मोहीम एकट्या इंग्रजांची नव्हती. पेशव्यांनी, म्हणजे नानासाहेबांनी, तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी करार केला होता आणि कोकणातले त्यांचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर फौज घेऊन किनाऱ्यावर होते. इंग्रज हकिकतींत मराठ्यांची फौज दूर राहून वेळ काढत होती आणि सगळे काम जेम्सच्या खलाशांनी केले, असे चित्र आहे. सर म्हणाले, कंपनीच्या नोकराला आपल्या वरिष्ठांना हेच दाखवायचे होते, कारण बक्षिसी, बढती आणि किल्ल्यातल्या मालाची वाटणी यावर ठरणार होती. तोफा कोणी किती डागल्या हा एक प्रश्न झाला. किनारा कोणाच्या ताब्यात होता हा दुसरा, आणि अशा हकिकती दुसऱ्याला बगल देतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या अशा पत्रांवर तारीख असते ती ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याच्या चंद्राची आणि ‘खमस खमसैन मया व अलफ’ अशा अरबी संख्याशब्दांत लिहिलेल्या शुहूर सनाची, म्हणजे त्या काळच्या दफ्तरी वर्षगणनेची. ते ११५५ म्हणजे १७५४-५५ हे वर्ष. ते इंग्रजी तारखेशी जुळवून घेतल्याशिवाय कोणत्या पत्राच्या दिवशी जेम्स कोठे होता हे सांगता येत नाही. वसईच्या १७३९ च्या शरणागतीची तारीख कोठे ५ मे तर कोठे १६ मे छापलेली दिसते, त्यातही चूक कोणाचीच नाही: इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका चालवली आणि पोर्तुगीज नवीन वापरत होते. असे बारकावे कंटाळवाणे वाटतात, पण लढाईत कोण आधी पोहोचले हे त्यांच्याशिवाय ठरत नाही.

किनारा कोणाकडे होता, या प्रश्नावर मात्र काका आणि सर दोघेही एकत्र आले, आणि मला या सगळ्या गप्पांतून जे सांगायचे आहे ते हेच आहे. जलदुर्ग पाण्यात असतो, पण त्याचे पोट जमिनीवर असते. धान्य, लाकूड, दारूगोळा, नवी माणसे, सगळे किनाऱ्यावरून येते. गोड्या पाण्याची सोय आत असली तरी पाण्यावर महिने काढता येत नाहीत. खांदेरी तगली कारण थळचा किनारा महाराजांचा होता. जंजिऱ्याला समोरच्या जमिनीवरून मराठ्यांनी पुन्हा पुन्हा आवळले, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रात भर घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा घाट घातला, तरी सिद्दी टिकला. कारण त्याच्या पाठीशी मोगलांची मदत होती, ती समुद्रातून येत होती आणि ती वाट मराठ्यांना पूर्ण बंद करता आली नाही. समुद्र आणि जमीन या दोन्ही बाजू एकाच वेळी एका हातात आल्या तरच असा किल्ला पडतो.

याचा पडताळा एकाच घराण्याच्या इतिहासात मिळतो. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागेजवळ कुलाब्यावर स्वारी केली. इंग्लंडहून आलेला कमोडोर मॅथ्यूज आपल्या जहाजांसह समुद्रावर होता, दोन्ही सत्तांची मिळून काही हजार माणसे जमिनीवर उतरली होती, आणि कान्होजींपुढे एकाच वेळी दोन युरोपीय सत्ता उभ्या होत्या. हल्ला फसला. त्याचे मोठे कारण असे की शाहू महाराजांच्या बाजूने बाजीराव पेशवे फौज घेऊन घाटाखाली उतरले होते आणि उघड्या मैदानावर त्या फौजेपुढे उभे राहण्याची तयारी दोस्तांच्या सैन्याची नव्हती. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडले. चौतीस वर्षांनी कान्होजींच्या मुलावर इंग्रज चालून आले, तेव्हा जहाजे त्याच प्रकारची होती, किल्ले तेच होते, दर्यावर्दीही त्याच किनाऱ्याचे होते. फरक एवढाच होता की घाटावरची फौज आता समोरच्या पक्षाकडे होती. मला तरी सुवर्णदुर्गाच्या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर मिळालेले नाही. बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात शिरणाऱ्या जहाजावर तीन भुईकोटांतून मारा व्हावा अशी ती रचना होती. शत्रू फक्त समुद्रातून येईल असे धरून ती केलेली होती, आणि पाठीवर पेशव्यांची फौज असताना ती निकामी ठरली. एक माणूस फुटला नसता तरी जेम्सला दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा तट सोडावाच लागला असता.

पुढचे वर्ष अधिक दुःखाचे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर आले, जमिनीकडून पुन्हा पेशव्यांची फौज होती. १२ फेब्रुवारीला वाघोटनच्या खाडीत किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना लागून बांधलेल्या जहाजांपैकी एकावर गोळा पडून आग लागली, आणि काही वेळात आंग्र्यांचे सगळे आरमार जळाले. ज्या जहाजावर आग प्रथम भडकली ते ‘रिस्टोरेशन’ पूर्वी कंपनीकडूनच जिंकून घेतलेले होते. तुळाजी स्वतः वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेले होते. मराठ्यांनी किल्ला परस्पर ताब्यात घेऊ नये म्हणून क्लाईव्हने रात्रीच आपले सैन्य उतरवले, दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर कंपनीचे निशाण लागले, आणि आत मिळालेली सुमारे दहा लाख रुपयांची दौलत इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना परत मिळायला ऑक्टोबर उजाडला, आणि बाणकोट कंपनीकडे गेला तो गेलाच.

नानासाहेबांनी हे का केले, यावर काका आणि सर यांचे आजतागायत एकमत झालेले नाही. सरांचे म्हणणे असे की आपण १८१८ पाहिलेले आहे म्हणून आपल्याला इंग्रज हा मुख्य शत्रू वाटतो. १७५५ मध्ये कंपनी ही मुंबई बेटावरची एक व्यापारी पेढी होती. तुळाजी मात्र खंडणी अडवणारे, पेशव्यांच्या मुलखाला उपद्रव देणारे, त्यांचा हुकूम न मानणारे सरदार होते, आणि छत्रपतींच्या नावाने राज्य चालवणाऱ्या पेशव्याला असा सरदार चालणे शक्य नव्हते. तुळाजी शरण यावेत आणि किल्ला व आरमार अखंड आपल्याकडे यावे, हाच पेशव्यांचा हेतू होता. जळून जावे हा नव्हता. हे सगळे मला पटते. काकांचे उत्तर असे की हेतू कोणताही असो, जे हत्यार स्वतःला बनवायला तीन पिढ्या लागल्या, ते दुसऱ्याच्या हातून मोडून घेऊ नये. आणि बंदराच्या तोंडावर आपली स्वतःची जहाजे पुढे नसताना किल्ला अखंड आपल्याच हाती पडेल असे समजणे हा युद्धाच्या गणितातला दोष आहे. मीही याच बाजूची आहे. पेशव्यांनी कराराच्या कागदावर विश्वास ठेवला आणि त्या रात्री किनाऱ्यावर प्रथम कोणाचे पाऊल पडणार याचा बंदोबस्त केला नाही. विजयदुर्ग घेणारे तेच वॉटसन आणि क्लाईव्ह त्याच वर्षी बंगालकडे गेले आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली, हे लक्षात घेतले की ही चूक कोकणापुरती राहिलेली नव्हती हे उघड होते.

तरीही “पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले” हे वाक्य मी वर्गात म्हणू देत नाही, कारण ते १७५६ वर गोष्ट संपवते आणि गोष्ट तेथे संपलेली नाही. विजयदुर्ग हे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाले आणि तेथे आनंदराव धुळप यांच्या हाताखाली पुन्हा जहाजे उभी राहिली. ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या आरमाराने कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज आणि त्याच्या सोबतची लहान जहाजे लढून पकडली आणि विजयदुर्गात आणली. इंग्रजांकडचे वरिष्ठ अधिकारी त्यात मारले गेले व जखमी झाले. विजयदुर्गाची राख होऊन सत्तावीस वर्षांनी हे घडले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे चारही किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा आमच्याकडे पुष्कळ कार्यक्रम झाले, भाषणे झाली. मी ऐकलेल्या एकाही भाषणात धुळपांचे नाव आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या लढाईला एक गुंता आहे. इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह मे १७८२ मध्येच ठरला होता, आणि ‘रेंजर’ पकडले गेले तेव्हा तो पक्काही झालेला होता. तहाची बातमी आणि पुण्याचा हुकूम विजयदुर्गापर्यंत कधी पोहोचला, की पोहोचलाच नव्हता, यावर ही लढाई पराक्रम ठरते की तहभंग, हे अवलंबून आहे. सरांनी त्या काळातल्या पत्रांच्या चंद्रतारखा काढायला घेतल्या आहेत. पुण्याहून कुंभार्ली किंवा फोंडा घाटाने जासूद विजयदुर्गाला किती दिवसांत येई याचा हिशेब काका मांडणार आहेत, आणि एप्रिलच्या आरंभी मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या जहाजांना किनाऱ्यालगत का राहावे लागते आणि ती रत्नागिरीच्या आसपास दिवसाच्या कोणत्या वेळी वाऱ्याविना अडकतात, हे तांडेल सांगणार आहेत. मी त्यांना या वेळी तिथी आधीच काढून देणार आहे.